फेणीचा आळ

सर्वण गावची शेवंती पेडण्यात भावाच्या दारी उतरली ती तणतणतच. भाचीचा, ऋतिकाचा, रविवारी साखरपुडा, आणि गोकुळदासने फोनवर काय सांगावं? "बाय, सिद्धेशला आणू नको. व्याही विचारतील, एवढ्या तरण्या पोराची किडनी कशी गेली?"

"कशी गेली ते सांग ना मग!" तिने पायऱ्यांवरूनच सुरुवात केली.

"सांगून काय? लोक फेणीच म्हणणार."

"फेणी! सर्दी झाली तरी छातीला चोळू देत नाही माझा लेक, वास येतो म्हणून!"

वहिनीने, मनीषाने, सुंगटांचं हुमण, कोळंबीची आमटी, मध्ये आणून ठेवलं. भांडण थांबवायची तिची ही एकच रीत. शेवंतीने डाव उचलला.

"हे वर तेलाचे थेंब दिसतात ना? डॉक्टरीणबाईंनी असंच समजावलं मला. पेशीतली काही प्रथिनं कामापुरती अशी थेंबाथेंबाने गोळा होतात, काम झालं की पांगतात. किडनीच्या गाळणीला त्यांचाच आधार. सिद्धेशच्या जनुकात खोट आहे, थेंब नीट जमतच नाहीत. गाळणी सैल पडते, अंगातलं सत्त्व लघवीतून जातं, अंग सुजतं. आणि खोट आली कुठून? आपल्या बाबांकडून. तेही सुजूनच गेले ना? त्यांनाही गावाने दारूच चिकटवली, आणि आपण मुकाट ऐकून घेतलं."

गोकुळदासने उठून आधी दार लावलं, मग खिडकी.

"हळू बोल गो. रक्तातलं आहे कळलं तर पोरीचं लग्न मोडेल. त्यापेक्षा फेणी बरी. ती सिद्धेशपुरतीच राहते."

म्हणजे याला सगळं पटलं होतं! पटलं नसतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

"तुझ्या मांडवाची शोभा राहावी म्हणून माझ्या पोराने बेवडा व्हायचं? वा रे मामा!"

एवढ्यात नवे पैंजण घालून बघत ऋतिका बाहेर आली. शेवंतीची नजर तिच्या घोट्यांवर गेली. कडी मांसात रुतली होती.

"लघवीला फेस येतो का गो तुला?"

"येतो. आई फिनेल जास्त ओतते, त्याचा असेल वाटलं. का गो आत्ये?"

शेवंतीचा आवाज आता चढला नाही, उलट खाली आला.

"उद्या हिला मी डॉक्टरीणबाईंकडे नेते. सिद्धेशचं दुखणं कळायला तीन वर्षं गेली, गोकुळ. जो तो आधी त्याच्या तोंडाचा वास घेत बसला."

मनीषा ऋतिकाचं आधारकार्ड शोधायला कपाटाकडे गेली. गोकुळदास मात्र बंद खिडकीपाशीच उभा होता.