वंजळ नाय

मित्रांनो, दुपारचे साडेबारा वाजले होते. सातवीतली पोशी माठापुढे आली आणि तिने ओंजळ धरलीच नाही. जव्हार संस्थान विलीन होऊन सहा वर्षे झाली होती.

मी एक जुने पितळी ओगराळे आहे. जव्हारच्या तांबटाने मला घडवले. शाळेने माझी दांडी हातभर वाढवून घेतली. मला वाटे, लांब दांडी म्हणजे मोठा मान. गावातल्या मुलांना पेला मिळे. पाड्यावरची मुले ओणवी होऊन ओंजळ धरत आणि मी वरून पाणी सोडी. त्यांच्या हातांवरचा शिंतोडा परत येऊन वाढणारा विटाळू नये, एवढ्यासाठीच माझी दांडी लांब होती. हे मला फार उशिरा कळले.

"पोशे, धर ना हात," शिपाई भिका म्हणाला.

"पेला दे, भिकादादा."

"पेला पाहिजे? राणीसाहेब झालीस का गं?"

"तहान हाय. वंजळ नाय."

दुसऱ्या दिवशी चैती आणि काशीही तसेच म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी पाड्यावरचे एकही मूल ओणवे झाले नाही. कोणी वर्ग सोडला नाही. कोरड्या तोंडाने ती मुले पाढे म्हणत राहिली.

हेडमास्तरांनी पोशीच्या वडिलांना, माघ्याला, जामसरच्या पाड्यावरून बोलावले. "उद्यापर्यंत हिने ऐकले नाही, तर परीक्षेच्या यादीतून नाव काढीन." पाड्यावरून सातवीपर्यंत पोचलेली ती पहिलीच मुलगी होती.

"पी ना पोरी," माघ्या म्हणाला. "चार घोटांसाठी सात वर्षां घालवतस?"

"बा, घरी मला पानी कसा देस?"

माघ्या माठाकडे वळला. उन्हातून चालत आल्याने त्याचे ओठ सुकले होते. भिकाने मला माठात बुडवून उचलले. माघ्याने सवयीने दोन्ही हात जुळवले. मग त्या हातांकडे पाहिले आणि ते पाठीमागे नेले.

"मला बी वंजळ नाय."

भिकाने मला भरलेलेच माठात परत सोडले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर घासूनपुसून जपा. पण त्यांची दांडी एवढी लांब का, हेही विचारा.

सोमवारी मला कोठीतल्या खिळ्याला अडकवले. परीक्षेची यादी त्याच दिवशी बाहेरच्या भिंतीवर लागली. खिळ्यावरून ती भिंत दिसत नाही.