पोकळीतला अंगठा

शाळा सोडून दीड वर्ष झालं. सोडली म्हणजे, गणिताच्या बाईंनी सगळ्यांसमोर माझी वही नाचवली, मी डस्टर भिरकावलं आणि परत काही गेले नाही. मग आत्या म्हणाली, "हाताला एवढी खुमखुमी आहे ना? चल, तांबं घास."

आत्या बावीस वर्षं तांबं घासतेय. भांडी नाही, ड्रमएवढी पोकळ नळकांडी, तीही आतून. अशी चाळीस एकामागे एक जोडतात आणि त्यातून हायड्रोजनचे कण हाकलत नेतात. प्रत्येक नळकांड्यात एक धक्का. शेवटी पळतात जवळजवळ उजेडाच्या वेगाने. हे यंत्र वर अंतराळात जाणार. हजार किलोमीटरवरचा दुसऱ्यांचा उपग्रह त्याच्या झोतात आतल्या आत भाजून निघणार. ना आवाज, ना धूर.

त्या दिवशी डबल चष्मा आला. आमचा इंजिनिअर. एक चष्मा नाकावर, एक कपाळावर.

"ताई, समोरच्या देशाने त्यांचं यंत्र काल वर सोडलं. आपलं शेवटचं नळकांडं आज पाचला बंद. आतून साफ असल्याच्या चिठ्ठीवर सही करून टाका."

"त्यांचं बघून आपण पळायचं, आपलं बघून ते पळणार," मी म्हणाले. "थांबणार कोण?"

"तू आधी शाळा पूर्ण कर, मग मला शिकव."

तो गेला. आत्या सही करून डबा खायला गेली. माझं डोकं सटकलं होतं. हातमोजा ओढून काढला आणि उघडा अंगठा आतल्या चकचकीत तांब्यावर दाबला. घे तुझं यंत्र!

दिवा तिरका धरला तर ठसा दिसला. बारीक रेघांचा भोवरा. मोजा घालून पुसायला गेले, तर आणखी पसरला.

मी चहाच्या टपरीवर डबल चष्म्याला गाठलं. सहज विचारल्यासारखं विचारलं, "आत बोट लागलं तर काय होतं हो?"

त्याचे डोळे चमकले. यंत्राबद्दल बोलायला मिळालं की तो भांडण विसरतो. "घामाचा थर केवढासा, दिसतसुद्धा नाही. पण आत एवढी वीज कोंडलेली असते की तिला तेवढंच निमित्त पुरतं. ठिणगी पडते, तांब्याला खड्डा पडतो. त्या खड्ड्यातून पुढची ठिणगी. अख्खं यंत्र बसतं. वर कोण जाणार पुसायला?"

"आणि बोलणी कोणाला?"

"सही असेल त्याला. बोलणी कसली, घरीच बसवतील. का गं?"

"काही नाही."

दोन देश ज्याच्यासाठी ऊर फुटेस्तोवर धावतायत, ते यंत्र माझ्या अंगठ्याला घाबरतं! क्षणभर वाटलं, राहू दे तसंच. कोणाचा तरी उपग्रह वाचेल.

पण चिठ्ठीवर आत्याची सही होती. बावीस वर्षांत तिचा एक नग परत आलेला नाही.

पाचला पाच मिनिटं कमी होती. झाकण लागलं होतं, पाना पहिल्या बोल्टवर होता.

"थांबा! आत माझा अंगठा आहे."

डबल चष्म्याचा कपाळावरचा चष्मा नाकावर आला. "वेडी का काय तू? मुद्दाम?"

"हो. राग आला होता."

आत्याने झाकण काढायला लावलं, दिवा तिरका धरून ठसा बघितला. मग त्याला म्हणाली, "माझी सही खोडा. दोन दिवस लागतील."

"ताई, वरून फोन येतायत!"

"मग त्यांना म्हणावं, या घासायला." मग माझ्याकडे वळली. "मोजे घाल. तूच घासायचं. आणि रडू नकोस, थेंब पडेल आत."

नवव्या दिवशी चाचणी झाली. आम्ही सगळे जाड भिंतीमागे, पडद्यासमोर. मोजणी संपली आणि यंत्राच्या तोंडातून निळी रेघ निघाली. हवाच पेटल्यासारखी. पापणी लवेपर्यंत गेलीसुद्धा. पलीकडे वीतभर जाडीच्या पोलादाला आरपार भोक, कडा तापून पांढऱ्याफटक. डबल चष्मा दोन्ही चष्मे हातात घेऊन नुसता उभा होता.

पहिली आत्या बोलली. "ठिणगी?"

"एकही नाही, ताई."

तिने माझा अंगठा मुठीत धरून असा आवळला की मी कळवळले. सोडला मात्र नाही.

मी त्या भोकाकडे बघत होते. समोरच्या देशातही कोणीतरी आत्या अशीच घासत असणार. तिच्या भाचीला राग येत असेल का? आणि आला, तर ती सांगत असेल का?