आधी वायर, मग करंट

तीस वर्षं मी लोकांच्या आवाजाची हमाली केली आहे. लग्न, सभा, नाटक, जिथे कुणाला गर्दीपुढे बोलायचं असेल तिथे माझे माइक आणि माझे भोंगे. सगळे मला हॅलोवालेच म्हणतात. आणि त्या रविवारी दुपारी पावणेएक वाजता, माझ्याच घरात, माझ्याच बायकोचा आवाज मला कॉम्प्युटरात घालता येईना.

तीन वाजता मेहुणा गाडी घेऊन येणार होता. चारला हॉस्पिटलातली भरतीची खिडकी बंद होते. सोमवारी सकाळी ऑपरेशन. हिच्या घशातली गाठ स्वरयंत्राला धरून बसली होती, म्हणून स्वरयंत्रच काढणार होते. जीव वाचेल, आवाज जाईल, असं डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. त्यांच्याकडे बोलण्याचे उपचार करणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी एक वाट दाखवली. हिच्या आवाजात वाक्यं रेकॉर्ड करून ठेवायची, कॉम्प्युटर त्यावरून शिकतो, आणि पुढे ही जे टाइप करेल ते हिच्याच आवाजात बोलतो. यादी तीनशे वाक्यांची होती. "निदान पन्नास तरी हवीतच," बाई म्हणाल्या. "त्याच्या खाली काही जमणार नाही. आणि फोनवरचं चालत नाही हं. तुम्ही आमच्याकडेच या ना, तासा-दीड तासात उरकून टाकू."

आणि मी शहाणा! "तुमच्या खोलीत एसी घरघरतो," म्हणालो. "माझ्या बायकोचा आवाज मीच घेणार." चांगल्यातला माइक घरात होताच. तो कॉम्प्युटरला जोडायचं एक खोकं लागतं, तळहाताएवढं, ते मागवलं. आज येतंय, उद्या येतंय करत तीन आठवडे गेले आणि ते आलं शनिवारी संध्याकाळी. शनिवार मी हिच्या शिवणाच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगण्यात घालवला, आवाज घुमू नये म्हणून. रविवारी बाईंची खोली बंद. म्हणजे आता माझं खोकं चाललं तरच हिचा आवाज राहणार होता.

ही सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती. गाठीमुळे दिवसाला जेमतेम तासभर आवाज टिकायचा, मग नुसती हवा. तो तासभर तिने राखून ठेवला होता. सकाळी गिऱ्हाइकं शिवलेले कपडे न्यायला आली, तर त्यांच्याशीसुद्धा खुणांनी बोलली. काही सांगायचं झालं तर काळ्या कापडाच्या तुकड्यावर शिंप्याच्या खडूने लिहायची. आता मशीनसमोरच्या स्टुलावर ती यादी मांडीवर घेऊन बसली होती आणि माझ्याकडे बघत होती.

खोकं जोडलं की त्यावरचा दिवा हिरवा व्हायला हवा. माझा लाल, आणि तोही लुकलुकणारा. लेकीला फोन लावला. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते, रविवारीही कामावर होती, जिन्यात येऊन हळू आवाजात बोलत होती.

"बाबा, ड्रायव्हर टाकलात का? खोकं काय बोलतं ते कॉम्प्युटरला समजावून सांगणारा दुभाषा असतो तो."

"टाकतोय ना! तीनदा टाकला. ऐंशी टक्क्यांपर्यंत जातं आणि म्हणतं, उपकरण सापडलं नाही, जोडून पुन्हा प्रयत्न करा. जोडलंय की रे मेल्या! डोळे फुटले का तुझे?"

"बाबा, त्याला शिव्या देऊन काय होणार आहे?"

"मला बरं वाटतं!"

वायर बदलली. दुसऱ्या भोकात घातली. तिसऱ्या भोकात घातली. लेक म्हणाली तशी उपकरणांची यादी उघडली, तर तिथे पिवळा त्रिकोण, त्यात उद्गारचिन्ह, आणि पुढे लिहिलेलं, अनोळखी उपकरण. अनोळखी म्हणे! कंपनीचं नाव एवढं ठसठशीत छापलंय त्याच्या पाठीवर. सव्वा वाजला. माझ्या पाठीवरून घामाची धार लागली होती, कारण घरघर नको म्हणून पंखा मीच बंद केला होता.

"बाबा, एक आठवा," लेक म्हणाली. "वायरीच्या भोकावर काही चिकटवलेलं होतं का?"

"होता एक लाल कागद. पॅकिंगचा. काढून फेकला."

ही उठली. चिंध्यांच्या डब्यात हात घालून तिने तो चुरगळलेला कागद शोधला, इस्त्रीच्या टेबलावर तळव्याने सपाट केला आणि माझ्या नाकासमोर धरला. त्यावर लिहिलं होतं: थांबा. आधी ड्रायव्हर टाका. सांगेपर्यंत ही वायर जोडू नका.

आता हे कुणाला सांगू? आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात, आधी सगळ्या वायरी, मग करंट. चालू मशीनमध्ये वायर घातलीस तर भोंगा असा धाडकन ओरडतो की पुढच्या रांगेतली पोरं रडायला लागतात. तीस वर्षांत मी ही शिस्त कधी मोडली नाही. जो आला त्याला हेच शिकवलं. आणि इथे नेमकं उलटं. मी वायर आधी घातली, कॉम्प्युटरने घाईघाईने हाताला लागेल तो दुभाषा त्याला चिकटवून दिला, आणि आता तो जागा सोडायला तयार नव्हता.

"आधी तो काढायचा," लेक म्हणाली. "त्या पिवळ्या त्रिकोणावर जा. काढून टाका म्हणा. खाली चौकोन दिसेल, ड्रायव्हरही पुसून टाका, त्यात खूण करा. केली? आता वायर उपसा. आता कॉम्प्युटर बंद करून चालू करा. काही झालं तरी वायर लावू नका, बाबा. हात मागे बांधून बसा."

मी बंद करून चालू केला. पडदा निळा झाला. अपडेट सुरू आहे, अकरा टक्के, कॉम्प्युटर बंद करू नका.

पावणेदोन. बावीस टक्के. हिने यादीतली पहिली पाच वाक्यं ओठांनीच वाचून पाहिली. दोन वाजायला पाच मिनिटं, चौतीस टक्के. दोन वाजून पाच मिनिटं, चौतीसच. ते गोल गोल फिरणारे ठिपके बघून माझं डोकं फिरायला लागलं. लेकीला विचारलं, बटण दाबून बंद करू का? ती किंचाळलीच, "नको! मग काहीच सुरू होणार नाही!" म्हणजे करायचं काय, आरती ओवाळत बसू? मी ते खोकं उचललं. खरं सांगतो, भिंतीवर आपटणारच होतो. हात वर गेला होता.

"ठेवा ते खाली."

सकाळपासूनचे तिचे हे पहिले शब्द. घोगरे, पण ठाम. माझ्या रागापायी तिला तीन शब्द खर्चावे लागले. मी खोकं टेबलावर ठेवलं, खाली बसलो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन वाजून चौदा मिनिटांनी पडदा उजळला. ड्रायव्हर टाकला. या वेळी पट्टी ऐंशीच्या पुढे गेली, नव्वद झाली, आणि अक्षरं आली, आता उपकरण जोडा. घाईत मी वायर दोनदा उलटी धरली, भोकात जाईना. शेवटी हिने माझं मनगट धरलं. दिवा हिरवा झाला. मी "हॅलो, हॅलो" म्हणालो, तर पडद्यावरची रेघ सरळच्या सरळ.

"अगं, काहीच येत नाहीये!"

"बाबा, रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये माइक कुठला निवडलाय? जुनाच असेल. खोक्याचं नाव निवडा."

निवडलं. रेघ उसळली. लेक तिकडे जिन्यात रडत होती की हसत होती, कळलं नाही. "आईला सांगा—" म्हणाली आणि पुढे काही न बोलता तिने फोन ठेवला. दोन पंचवीस.

ही वाचायला लागली. दुकान किती वाजता उघडतं? कृपया मला पाणी द्या. आज हवा छान आहे. माझ्या कानावर हेडफोन, डोळे रेघेवर. तिचा आवाज मधल्या पट्टीतला, थोडा खरखरीत, वाक्याच्या शेवटी किंचित वर जाणारा. बत्तीस वर्षं ऐकत होतो, पण असा कान देऊन त्या दिवशी ऐकला. नवव्या वाक्याला खाली कुणीतरी हॉर्न वाजवला. मी बोट वर करून पुन्हा म्हणून खूण केली. तिने वाचलं. चौदाव्याला ती खोकली. पुन्हा. एकविसाव्याला मी पुन्हा बोट वर केलं, तर तिने नुसती मान हलवली आणि बाविसावं वाचलं. बरोबरच होतं तिचं. मी बोट खाली घेतलं.

छत्तिसाव्याला बेल वाजली. मेहुणा. दारातूनच म्हणाला, "ताई, झालं का? भाऊजी, निघायला हवं हो, वाटेत गर्दी आहे." मी त्याच्यावर असा खेकसलो की तो बिचारा चपलांसकट बाहेरच उभा राहिला. चाळिसाव्यापासून आवाज फाटायला लागला. पंचेचाळिसाव्याला ती प्रत्येक वाक्याआधी डोळे मिटून श्वास घेत होती. पन्नासावं होतं, उद्या मी तुम्हाला फोन करीन. तेही वाचलं. तीन वाजून आठ मिनिटं झाली होती.

"झालं!" मी म्हणालो. "जिंकलीस तू! चल, ऊठ."

मी रेकॉर्डिंग थांबवायला हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला. यादी जमिनीवर ठेवली आणि माइकच्या जवळ सरकली.

"या यादीत रागाचं एक वाक्य नाही," ती म्हणाली. "सगळं कृपया आणि धन्यवाद. मी कधी तुम्हाला कृपया म्हटलंय?"

"अगं, बोलू नकोस आता."

"बोलणार. एकवीस दिवस मी तयार होते. रोज सकाळी म्हणत होते, चला त्या बाईंकडे. तुमचं एकच, खोकं येऊ दे, खोकं येऊ दे. खोक्याचं काही नव्हतं हो. आवाज घ्यायला बसलो की तो जाणार हे कबूल करावं लागलं असतं, म्हणून तुम्ही बसत नव्हता. डॉक्टर सांगत होते तेव्हाही स्कूटरची किल्ली शोधायला बाहेर गेलात. मी एकटीने ऐकलं." इथे आवाज पार गेला, नुसती हवा आणि खरखर उरली, तरी ती थांबली नाही. "तुम्ही भिंतींना गोधड्या टांगत होतात. आणि मी घाबरले होते. मला इतकी भीती वाटतेय, आणि घरात सांगायला कुणी नाही."

रेकॉर्डिंग चालू असताना खोलीत दुसऱ्या कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घ्यायचा नाही, यावरून मी भर मंडपात मोठमोठ्या माणसांना दटावलं आहे. पण मी हेडफोन काढला आणि तिच्या बोलण्यातच बोलायला लागलो. मला पण, म्हणालो. मला पण भीती वाटते गं, मी तुझ्याशिवाय कुणाशी भांडू, मला माफ कर, मला पण. ती बोलतच होती, मीही बोलतच होतो, आणि मेहुणा बाहेरून दार वाजवत होता.

उपचारांच्या बाईंनी पन्नास वाक्यं पास केली. ही आता टाइप करते आणि कॉम्प्युटर बोलतो, बराचसा तिच्यासारखा, जरा जास्तच गोड. एक्कावन्नावी फाइल मात्र त्यांनी परत केली. एकाच वेळी दोन माणसं बोलतायत, यातून हिचा आवाज वेगळा काढता येत नाही, म्हणाल्या. मी म्हटलं, नका काढू.