शिंपल्याचा लाल भात

बुधवारी, बाराच्या ऐन गर्दीत, बॉस्टनहून आलेला एक लेखक ओडेसा मॅनिगोच्या खानावळीत काउंटरला जो चिकटला तो हलेचना. चार्ल्स्टन शहराची ओळख ज्या पदार्थांवर उभी आहे त्यांच्यावर त्याला मासिकात लिहायचं होतं. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, की लाल भात खायचा तर ईस्ट साइड वस्तीतल्या ओडेसाकडेच.

"मॅडम, या भाताचं रहस्य काय?" त्यानं चौथ्यांदा विचारलं.

"रहस्य कसलं डोंबलाचं? तांदूळ, टोमॅटो, कांदा, बेकन."

"ते तर सगळेच घालतात. पण तुमचं शीत न् शीत वेगळं कसं राहतं?"

मागे रांग दाराबाहेर गेली होती. भेंडीचं सूप तळाला लागायला आलं होतं. ओडेसाची नजर कोपऱ्यातल्या टोपलीवर गेली. शनिवारी भाजलेल्या कालवांचे शिंपले तिच्यात तसेच पडून होते. तिनं चष्मा नाकावर खाली ओढला आणि आवाज एकदम बारीक केला.

"कुणाला सांगणार नाहीस ना? शिंपला. कालवाचा. तांदळाच्या मधोमध उभा रोवायचा. जास्तीचं पाणी तो पिऊन टाकतो."

लेखकानं घाईघाईनं वही उघडली. "पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं?"

"माझ्या पणजीच्याही आधीपासून. आता ताट उचल आणि त्या खिडकीपाशी बस जा."

कुणाला सांगू नको म्हणून बजावलेल्या त्या बाबानं महिन्याभरात ते मासिकातून अख्ख्या देशाला सांगितलं.

ओडेसा आधी पोट धरून हसली. पुढे बंदरावरच्या पांढऱ्या टेबलक्लॉथवाल्या हॉटेलांनी भाताच्या मुदीवर शिंपले खोचायला सुरुवात केली, तेव्हा आणखी हसली. पण एक दिवस ओहायोच्या एका बाईनं तिच्याच खानावळीत काट्यानं भात उकरला आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "यात शिंपला नाही. म्हणजे हा काही अस्सल नव्हे."

झक मारत ओडेसाला शिंपले घासून पातेल्यात घालावे लागले. दुसऱ्याच दिवशी चर्चचे म्हातारे डीकन फ्रेझर गाल दाबत काउंटरपाशी आले. "ओडेसा, चाळीस वर्षं तुझ्याकडे जेवतोय. माझ्या उरलेल्या चार दातांनी तुझं काय घोडं मारलंय गं?"

हेही तिनं सोसलं असतं. पण रविवारी प्रार्थना सुटल्यावर तिची नणंद थॉमसीना गॅड्सडेन पायरीवर उभी राहून बायकांना सांगत होती, "शिंपल्याची युक्ती मूळची आमच्या आईची. ओडेसा लग्न करून आली तेव्हा तिला साधा भात लावता येत नव्हता. आईनंच हाताला धरून शिकवलं."

ओडेसाच्या कानशिलांतून वाफ निघाली. खोटं आपण बोलायचं आणि मान थॉमसीनानं मिरवायचा! ती युक्ती थापच आहे म्हणावं, तर आपण गावभर लबाड ठरतो. गप्प बसावं, तर नणंद डोक्यावर बसते. तसंही सासूबाई गेल्यापासून दोघी एका चुलीपाशी उभ्या राहिलेल्या नव्हत्या. दोघींचं वैर चर्चमध्ये पोरासोरांनाही पाठ होतं.

चर्चच्या वाढदिवसाला जेवणाचा बेत होता. दोघींनी लाल भात आणला होता. तो लेखकही वही घेऊन पुन्हा हजर होता. ओडेसानं डाव साधला. सगळ्यांच्या देखत, गोड आवाजात तिनं विचारलं, "थॉमसीना, मी हल्ली विसरायला लागलेय बघ. आई शिंपला कसा रोवायच्या गं? पोट पूर्वेला की पश्चिमेला?"

थॉमसीनाचे डोळे क्षणभर बारीक झाले.

"नदीकडे," ती शांतपणे म्हणाली. "भरतीच्या वेळी कूपर नदीकडे, ओहोटीला ॲशली नदीकडे. तेवढंही लक्षात नाही तुझ्या?"

लेखक भराभर लिहू लागला. ओडेसा मनातून चरकली, पण मागे हटणारी नव्हती. "हो हो, आठवलं. आणि आधी त्याच्या कानात काय म्हणायच्या त्या?"

"शिंपल्याला कान कुठला, वेडे? त्याच्या बिजागरीपाशी म्हणायचं. आणि ते बाहेरच्यांना सांगत नाहीत." थॉमसीनानं लेखकाकडे बघून हात जोडले. "माफ करा, साहेब."

ओडेसानं घाईघाईनं रिकामं भांडं उचललं आणि स्वयंपाकघर गाठलं. तिचे खांदे गदगदत होते. पाठोपाठ थॉमसीना आली, दार लोटून घेतलं आणि पदरासारखा एप्रन तोंडात कोंबून भिंतीला टेकली. दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"तुला पहिल्यापासून माहीत होतं," ओडेसा धापा टाकत म्हणाली.

"आमच्या आईच्या पातेल्यात शिंपला? तिनं तो घालणाऱ्याच्या डोक्यातच हाणला असता! पण एवढी झकास थाप तू एकटीनं पचवावीस, हे मला बघवेना."

भांडी घासताना मग आईच्याच गोष्टी निघाल्या. तिचा भात, तिच्या शिव्या. शेवटी ओडेसानं इतक्या वर्षांत कधीही न विचारलेलं विचारलं. "खरं सांग. त्यांचा भात माझ्यापेक्षा मोकळा कसा व्हायचा?"

थॉमसीनानं हात पुसले. "टोमॅटो जळक्या विटेसारखा काळपट होईपर्यंत परतायचा. तांदूळ घातल्यावर चमचा लावायचा नाही, फक्त काटा. आणि शेवटची वाफ भट्टीत, झाकण ठेवून."

"ही थाप की खरं?"

"करून बघ," थॉमसीना म्हणाली आणि ताटं घेऊन बाहेर गेली.

सोमवारी खानावळ बंद असायची. ओडेसानं पडदे ओढले, टोमॅटो काळपट परतला, चमच्याला हात लावला नाही. भट्टीतून पातेलं काढून झाकण उचललं आणि ती तशीच वाफेवर वाकली. तो सासूबाईंच्या भाताचा वास होता. उभ्याउभ्याच तिनं पहिली बशी संपवली, मग दुसरी.

तेवढ्यात फोन वाजला. "काय गं, केलास का?" थॉमसीनानं विचारलं.

ओडेसानं तोंडातला घास गालात सरकवला. "कुठलं गं," ती म्हणाली, "आज वेळच नाही मिळाला."