मामाच्या स्वेटरचं भोक

त्याला गावात सगळे रेडिओ म्हणायचे. एकदा सुरू झाला की बंद करायचं बटण कुणाला सापडत नसे, म्हणून. डोंगरावरच्या जुन्या खंदकात तो गाइड होता, आणि बोलण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आलेल्या माणसांना आधी हसवायचा, मग रडवायचा, आणि डोळे पुसून झाले की अलगद टोप्या-बिल्ल्यांच्या दुकानाकडे वळवायचा.

आता हा खंदक म्हणजे काय भानगड होती, ते आधी सांगायला हवं. डोंगराच्या अलीकडे एक देश, पलीकडे एक देश, आणि मधला हा पट्टा दोघांनाही हवा. त्यावरून लढाई झाली आणि ती दोघांनीही जिंकली. हसू नका, खरंच दोघांनीही. अलीकडच्या शाळेत विचारा, अलीकडचे जिंकले. पलीकडच्या शाळेत विचारा, पलीकडचे. शेवटी कुणी शहाणी माणसं टेबलाशी बसली आणि त्यांनी तोडगा काढला: पट्टा कुणाचा ते सावकाश बघू, तोवर खंदकाचं संग्रहालय करू. एक दिवस अलीकडचे प्रवासी येतील, दुसऱ्या दिवशी पलीकडचे. समोरासमोर यायलाच नकोत, म्हणजे डोकी फुटायला नकोत. आणि पट्ट्यात राहणाऱ्या माणसांचं काय, असं विचाराल, तर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांना नोकऱ्या मिळाल्या, एवढंच.

खंदकात तीन पुतळे होते. एक सैनिक बंदूक रोखून उभा, दुसरा त्याच्या पायाशी पालथा पडलेला. संध्याकाळी दार लागलं की रेडिओ दोघांचे कपडे उतरवायचा. अलीकडच्यांचा निळा गणवेश उभ्याच्या अंगावरून काढून पडलेल्याला घालायचा, पलीकडच्यांचा खाकी पडलेल्याचा काढून उभ्याला; दुसऱ्या संध्याकाळी उलट. म्हणजे सकाळी जे येणार ते जिंकलेले. प्लॅस्टरच्या हातात बाही चढवणं म्हणजे रुसलेल्या पोराला शाळेचा शर्ट घालण्यातला प्रकार, पण त्याचा हात बसला होता. एकदा घाईत पलीकडच्यांची टोपी चुकून अलीकडच्या सैनिकाच्याच डोक्यावर राहिली. बघायला आलेल्या एका बाईंनी विचारलं, हे काय? रेडिओ पापणी न लववता म्हणाला, "बाई, थंडी होती. शत्रूची असली तरी टोपी ती टोपीच." सगळा खंदक हसला. संग्रहालयाच्या मॅनेजरनं पाठीवर थाप मारली, आणि तेव्हापासून हा टोपीचा विनोद रोजचाच झाला.

तिसऱ्या पुतळ्याचे कपडे मात्र कधी बदलावे लागत नसत. तो कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेला, शेजारी पाण्याची बादली, अंगात विटक्या हिरव्या लोकरीचा स्वेटर. तो गावातला साधा माणूस. त्याला मारणारे तेवढे रोज बदलायचे. अलीकडच्यांच्या दिवशी त्याला पलीकडचे मारायचे, पलीकडच्यांच्या दिवशी अलीकडचे. तहानलेल्या जवानांना पाणी घेऊन निघाला होता बिचारा, आणि त्या हरामखोरांनी... असं म्हणून रेडिओ वाकायचा, स्वेटरच्या छातीवरच्या भोकात करंगळी घालायचा आणि हळूच म्हणायचा, "इथून शिरली." बायका हुंदका द्यायच्या. त्यानंतर बरोबर दोन श्वास तो गप्प राहायचा. त्याचं ते गप्प राहणं सगळ्यात जास्त गाजलेलं.

आता मुख्य गोष्ट. तो स्वेटर त्याच्या मामाचा होता. सख्ख्या मामाचा.

मामाला गोळी-बिळी काही लागली नव्हती. मामा तापानं गेला. लढाईच्या हिवाळ्यात सगळं घर तळघरात बसलेलं, वरून दोन्हीकडचे रस्त्यावर जे हलेल त्याच्यावर गोळ्या झाडत होते. डॉक्टर समोरच्या गल्लीत राहायचा. तळघराच्या झरोक्यातून त्याच्या घराचं दार दिसायचं. मामा आठवडाभर फणफणत राहिला आणि कुणालाही तो रस्ता ओलांडता आला नाही. रेडिओची आई तेव्हा शाळकरी. तिनं आयुष्यातला पहिला स्वेटर विणला तो या दादासाठी. डावी बाही वीतभर लांब झाली, तर हा पठ्ठ्या बाही दुमडून तोच घालून गावभर हिंडला, आणि वर सगळ्यांना सांगायचा, बहिणीनं मुद्दाम लांब केलीय, वाढत्या अंगाचा आहे. तळघरातही अंगात तोच होता. हे सगळं आईनं रेडिओला इतक्यांदा सांगितलं होतं की त्याला ते पाठ होतं. पाठ असूनही त्यानं ते केलं.

झालं असं की मॅनेजर म्हणाला होता, तिसरा पुतळा अगदीच भकास दिसतो, त्या काळचं खरंखुरं काहीतरी हवं. रेडिओनं आईच्या कपाटावरची पेटी उतरवली. आईचे गुडघे गेलेले, स्टुलावर चढणं तिला कधीचंच बंद झालेलं, तिला कळायचा प्रश्नच नव्हता. स्वेटर पुतळ्याला छान बसला. पण मॅनेजरचं समाधान होईना. "नुसता स्वेटर काय बघायचा? गोळी लागली तर दिसायला नको?" तेव्हा रेडिओनं त्याच्याच हातातली सिगारेट घेतली आणि लोकरीवर टेकवली. जळक्या लोकरीचा घाणेरडा वास आला. त्यानं नाक मुरडलं, बस. त्याला त्या दिवशी लाज वाटली नाही. ती नंतर वाटली, आणि मग उतरलीच नाही.

गावात बातमी पसरायला काय वेळ लागतो? रेडिओ खंदकात आपल्या मामाबद्दल सांगतो, लोक रडतात म्हणे, असं कुणीतरी आईच्या कानावर घातलं. आई आयुष्यभर एका लाँड्रीत रफूचं काम केलेली बाई, कौतुक कशाचं म्हणून कधी वाट्याला आलं नव्हतं. तिला केवढं अप्रूप वाटलं! शेजारणीला चार वेळा ऐकवलं, "माझा मुलगा दादाचं नाव राखतोय हो." आणि गावातल्या म्हाताऱ्यांना फुकट प्रवेशाचा दिवस आला तशी शेजारणीला घेऊन, ठेवणीतली साडी नेसून, काठी टेकत डोंगरावर आली. मुलाला पत्ताही लागू दिला नाही. त्याला चकित करायचं होतं.

दिवस अलीकडच्यांचा होता. निळा उभा, खाकी पडलेला. रेडिओ रंगात आला होता. टोपीचा विनोद झाला, हशा झाला, आणि तो घोळका घेऊन कोपऱ्याकडे वळला तेव्हा त्याला माणसांच्या मागे आईची पांढरी वेणी दिसली.

तो काय करू शकला नसता? चला, पुढे चला, म्हणू शकला असता. दिवा गेला म्हणू शकला असता. पण तोंडाला सवय झालेली. ते आपलं चालूच राहिलं, जणू कुणा भलत्याचंच तोंड. "तहानलेल्या जवानांना पाणी घेऊन निघाला होता बिचारा..." आणि करंगळी आपणहून भोकात गेली. "इथून शिरली."

आईनं आधी दुमडलेली डावी बाही पाहिली. मग करंगळी पाहिली. मग मुलाच्या तोंडाकडे पाहिलं. तो दोन श्वास गप्प राहायचा तसा राहिला, कारण पुढचे शब्द त्याला सापडेनात.

शेजारणीनं डोळ्याला पदर लावला. "अगं बाई! गोळी लागली होती तुझ्या दादाला? इतकी वर्षं शेजारी राहतो आपण, कधी बोलली नाहीस ती!"

सगळी माणसं वळून आईकडे बघायला लागली. कुणी म्हणालं, बहीण आहे, सख्खी बहीण आहे त्याची. एका माणसानं डोक्यावरची टोपी काढली. आता ही म्हणणार, रेडिओला वाटलं. आता ही म्हणणार, खोटारडा आहे मेला. म्हणावं, असंच त्याला वाटत होतं. चारचौघांत थोबाडीत दिली असती तरी चाललं असतं.

आईनं काठी या हातातून त्या हातात घेतली.

"हो," ती म्हणाली. "लागली होती."

आपल्या भावाच्या मरणाबद्दल ती जन्मात पहिल्यांदा खोटं बोलली, आणि तेही असल्या मुलाची अब्रू झाकायला. रेडिओला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण धरणी कुणाला अशी घेत नाही. त्याला उरलेला खंदक दाखवावा लागला, दुकानाकडे माणसं वळवावी लागली. जाताना आई त्याच्याजवळ थांबली आणि एवढंच म्हणाली, "येताना तो घरी घेऊन ये. भोक पसरत जाईल."

संध्याकाळी त्यानं निळ्या-खाकीची अदलाबदल केली, स्वेटर कागदात गुंडाळला आणि चोरासारखा घरी आला. आई खिडकीशी बसली होती. सुई ओवून तयार, मांडीवर हिरव्या लोकरीचे धागे. स्वेटर हातात घेतल्यावर तिनं आधी तो नाकाशी नेला. जळका वास अजून होता.

"आई, अगं मॅनेजर म्हणाला म्हणून..."

"दिवा जरा इकडे सरकव."

त्यानं दिवा सरकवला. ती भोकाच्या कडेचा काळा, कडक झालेला भाग कातरीनं काढत राहिली. मग आडवे धागे घातले, मग उभे, एक वरून एक खालून. लाँड्रीत साहेबांच्या कोटांना करायची तसंच. चूल थंड पडलेली, जेवणाचं कुणी नाव काढेना. रेडिओ समोर बसून होता. त्याला शंभर गोष्टी सांगता येत होत्या आणि एकही सांगण्यासारखी नव्हती.

"उद्या पलीकडचे येणार ना?" आईनं मान वर न करता विचारलं.

"हो."

"मग उद्या कोण मारणार दादाला?"

आई वाट बघत राहिली. अगदी साधं विचारल्यासारखी, उद्या दूध किती घ्यायचं तसं. मग तिनं धागा दातानं तोडला, स्वेटर झटकला, नीट घडी घातली, आणि डावी बाही दुमडून त्याच्या मांडीवर ठेवला.

"घेऊन जा," ती म्हणाली. "नोकरी आहे तुझी." आणि उठून आत गेली. त्या 'नोकरी आहे तुझी'मध्ये राग असता तरी त्याला बरं वाटलं असतं. नव्हता.

सकाळी खाकी उभा होता, निळा पालथा. पलीकडची माणसं आली, फोटो काढले, जयजयकार केला. रेडिओ बोलत होता, पण आज आवाज बसल्यासारखा. टोपीचा विनोद त्यानं गाळला, तर मागून कुणीतरी आठवण करून दिली, मग तोही सांगितला. पलीकडच्यांच्या दिवशी विनोदातली टोपी अर्थात अलीकडच्यांची असायची, आणि डोकं पलीकडच्या सैनिकाचं. लोक हसले. आणि कोपरा आलाच.

"हा गावातला माणूस," तो म्हणाला आणि वाकला. करंगळी सवयीनं छातीवर गेली. भोक नव्हतं. नुसती लोकर होती. आईचं काम असं की कुठे होतं तेही हाताला लागेना. करंगळी तिथेच टेकून राहिली.

"पाणी घेऊन निघाला होता ना हा?" जाड काचांचा चष्मा लावलेले एक आजोबा पुढे झाले. "माझा धाकटा भाऊ येऊन गेला मागे. तो म्हणाला, अलीकडच्यांनी छातीत गोळी घातली. भोक आहे म्हणे, तुम्ही बोट घालून दाखवता."

"नाही," रेडिओ म्हणाला. "तापानं गेला. तळघरात. रस्त्यावर गोळ्या चालू होत्या, डॉक्टर आणता आला नाही."

"कुणाच्या गोळ्या?"

"दोघांच्या."

घोळक्यात चुळबुळ झाली. आजोबांच्या कपाळाला आठी पडली. "पण भोक? भाऊ काय खोटं बोलेल?"

"होतं," रेडिओ म्हणाला. त्याचे कान तापले होते, मान तापली होती, आणि समोरची सगळी तोंडं त्याच्याकडे लागली होती. "मी पाडलं होतं. सिगारेटनं. काल रात्री माझ्या आईनं रफू केलं."

एक बाई फिसकन हसली, तिच्यामागे दुसरी, आणि बघता बघता सगळा खंदक हसायला लागला. टोपीचा विनोद करणारा माणूस हा! कुणीतरी टाळी दिली. "काय पण गाइड आहे," आजोबा डोळे पुसत म्हणाले, "एक मिनिट गंभीर राहील तर शपथ." आणि हसत हसतच त्यांनी आपलं बोट पुढे केलं, ते भोक स्वतःच शोधून बघायला.

रेडिओनं त्यांचं मनगट धरलं. जोरात धरलं. आजोबांचं हसू तोंडावरच थांबलं.

"हात लावू नका," तो म्हणाला. "माझा मामा आहे तो."