अकरा पांढरे दगड

पाटीवर लिहिलं आहे: सोपी वाट, अडीच मैल, मुलांना आणि वृद्धांना चालण्यासारखी. ती पाटी ओर्लिंडा बाकाने स्वतः रंगवली होती आणि तिचा तिला अभिमान होता. पाँडेरोसा पाइनच्या झाडीतून निघायचं, झुडपांच्या माळावरून रमतगमत जायचं, मालपाइसच्या कडेने वळसा घालायचा आणि परत आपल्या गाडीपाशी. सगळीकडे खडी अंथरलेली. इथे हरवायला खास अक्कल लागते, असं ती येणाऱ्यांना हसून सांगायची.

मालपाइसची गोष्ट मात्र वेगळी. वाईट जमीन असं नावच पडलंय तिचं, आणि ते उगाच नाही. गोठलेला काळा लाव्हा, बुटाचा तळ फाडणारा, मैलोन् मैल पसरलेला. त्यावर पाऊल उमटत नाही आणि जिकडे बघावं तिकडे सारखंच दिसतं. वाट त्याच्यावरून जाते तेवढ्यापुरत्या खुणेच्या लगोऱ्या रचलेल्या आहेत आणि खऱ्या लगोरीच्या मध्ये लाकडी खांब असतो. बिनखांबाची लगोरी म्हणजे पाहुण्यांचा चाळा. फोटोपुरती रचतात, निघून जातात, आणि मग कुणीतरी भोळा जीव तिच्या मागे लागून आत शिरतो. तीन वर्षांपूर्वी एक जोडपं असंच दोन दिवस आत अडकलं होतं. तेव्हापासून ओर्लिंडासारख्या स्वयंसेवकांना त्यांच्या प्रमुखांचा, प्रुएट सरांचा, एकच धडा होता, खांब नसेल तर पाडा. प्रुएट सरांनी ओर्लिंडाला सातवीत शिकवलं होतं. आता तिची पन्नाशी उलटली होती, तरी त्यांच्यापुढे ती सातवीतच होती.

त्या बुधवारी सकाळी नऊला तिला मोठ्या वळणापाशी नवीन लगोऱ्या दिसल्या. तीन काळे दगड आणि वर एक पांढरा, चुनखडीचा. वीस-पंचवीस पावलांवर दुसरी, मग तिसरी, थेट आत गेलेल्या. काय हौस एकेकाची, असं पुटपुटत तिने पहिलीला लाथ घातली. अकरा पाडल्या. पुन्हा कुणी रचू नये म्हणून पांढरे दगड उचलून लांब फटींत भिरकावले. पुढे बारावी दिसत होती, पण गुडघा ठणकायला लागला, तेव्हा ती उद्यावर टाकून ओर्लिंडा परतली. काम चोख झालं म्हणून तिला बरंही वाटलं होतं. हे नंतर तिला सगळ्यात जास्त डाचलं.

दुपारी दोनला ती घरी पोहोचली तर वडील नव्हते. अपांचं वय एकोणऐंशी, नाव त्रांकिलिनो, म्हणजे शांत माणूस. शांत कसले, हट्टी. चुलीवर राजमा तसाच होता, तोर्तिया फडक्यात गुंडाळलेल्या तशाच. खिळ्यावरची गोणी नव्हती आणि अंगणात पिकअपही नव्हती. ऑक्टोबर संपत आला होता, पिन्योन पाइनच्या खायच्या बिया झडायचे दिवस. या दिवसांत इथल्या म्हाताऱ्यांना घरात कोंडून ठेवणं म्हणजे मांजराला दुधापासून लांब ठेवणं. प्रत्येकाची बिया वेचायची आपली जागा असते आणि ती पोटच्या पोरांनाही सांगत नाहीत.

ओर्लिंडाने अंदाजाने गाडी हाकली. पिकअप सापडली ती वाटेच्या मागच्या बाजूला, गुरांच्या फाटकापाशी. सकाळी तिला ती दिसणं शक्यच नव्हतं. उजव्या अंगाला पुढून मागेपर्यंत नवा ओरखडा होता, खांबाला घासल्यासारखा. मागच्या हौद्यात एक बादली होती आणि बादलीत अर्ध्यापर्यंत चुनखडीचे पांढरे दगड होते.

ती फाटकाला धरून उभी राहिली आणि सगळं एकदमच तिच्या लक्षात आलं. अपांना दिसत नव्हतं. काळ्यावर काळं दिसत नव्हतं, म्हणून वर पांढरा. वसंतात तीच त्यांना म्हणाली होती, डोळ्यांनी दगा दिला त्या दिवशी गाडी बंद आणि डोंगरही बंद. मग ते कशाला सांगतील? सकाळी ती ड्युटीवर निघताच ते निघाले असणार.

ती नऊ वाजता लाथा घालत होती तेव्हा ते आतच होते.

तिने प्रुएट सरांना फोन लावला. ते पंधरा मिनिटांत आले, तिचं बोलणं ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"शोधपथक निघालंय," ते म्हणाले. "पण अडीच तास तरी लागतील, पोरी. आणि पाचच्या सुमाराला बर्फ सांगितलंय."

"अंगात सुती जाकीट आहे त्यांच्या. बाकी काही नाही."

"तू आत जाऊ नकोस. नियम आहे आपला, एकट्याने..."

"सर, नियम पाळूनच इथपर्यंत आले मी."

स्वतःचा कोट काढून त्यांनी तिच्या हातात दिला. "मी इथे थांबून हॉर्न वाजवतो. दर दहा मिनिटांनी. दिशा तरी कळेल तुला."

फाटकावरून मोठ्या वळणापाशी जाऊन ती आत शिरली. आपण पाडलेल्या लगोऱ्या परत उभ्या करायच्या एवढंच तिला सुचत होतं. पण कुठे होत्या त्या? सकाळी पाडताना कोण जागा लक्षात ठेवतो? पांढरे दगड तर तिनेच गडप केले होते. ती वाकून, कधी रांगत शोधू लागली. एका ठिकाणी उलटा पडलेला दगड दिसला, त्याची खालची बाजू तांबूस आणि धुळकट होती. बाकी सगळ्यांवर शेवाळाचे जुने डाग होते. तिने तिथे तीन दगड रचले आणि वर आपला पांढरा रुमाल बांधला. मग दुसरी शोधली. तिसरीला दहा मिनिटं गेली. प्रत्येक लगोरीपाशी उभी राहून ती हाक मारायची.

"अपा! मी आलेय! ओ द्या!"

वारा ज्युनिपरच्या झुडपांमधून सूं सूं करत जायचा. मागून सरांचा हॉर्न यायचा. बाकी काही नाही.

पाचवी सापडलीच नाही. ती अंदाजाने पुढे गेली, चुकली, मागे आली, हॉर्नची वाट बघत थांबली. या जमिनीवर ती लहानाची मोठी झाली होती आणि आता तीच जमीन तिला ओळख देत नव्हती. देवाला काय बोलावं तेही तिला सुचेना. आई गेली तेव्हा ती प्रार्थना करत होती. आता ती नुसती म्हणत होती, मला शिक्षा दे, पण त्यांना नको, ते म्हातारे आहेत.

बारावी लगोरी उभी होती, जशीच्या तशी, पांढऱ्या दगडासकट. तिच्या पायथ्याशी गोणी पडली होती, अर्धी भरलेली. म्हणजे अपा परत येताना इथपर्यंत बरोबर आले होते. इथून पुढे त्यांनी पांढरं काही दिसतंय का म्हणून पाहिलं असेल, आणि पुढे काहीच नव्हतं. गोणी खाली ठेवून दोन्ही हात मोकळे करून ते चाचपडत निघाले असतील. ओर्लिंडाला त्यांचे ते पुढे केलेले हात डोळ्यांसमोर दिसले आणि ती हुंदका देऊन रडली.

मग ती वेड्यासारखी ओरडत सुटली. उजवीकडे शंभर पावलं, डावीकडे शंभर पावलं. एका खळग्यात तिला ताजी लगोरी दिसली, दोनच दगडांची, वाकडी. थोड्या अंतरावर आणखी एक. त्यांनीच रचली असणार, निदान परत फिरता यावं म्हणून. पण त्या एका रेषेत नव्हत्या. त्या गोल फिरत होत्या.

साडेचार वाजता ढग खाली आले. पहिलं भुरभुर बर्फ पडायला लागलं. ओर्लिंडाचा घसा बसला होता, हाक मारली तरी नुसती हवा निघत होती. ती एका उंचवट्याखाली बसली. आता आपल्याकडून काही होत नाही, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. कोट मांडीवर घेऊन ती गप्प बसून राहिली.

टक.

दगडावर दगड ठेवल्याचा आवाज. मग खरवडल्यासारखं काहीतरी. मग पुन्हा टक.

ती उठली, आवाजाकडे गेली. फुटलेल्या लाव्हाच्या एका घळीत अपा गुडघ्यांवर बसले होते. पँट फाटलेली, हात रक्ताळलेले. समोर दोन दगड आणि हातात तिसरा. तिच्या पायाचा आवाज ऐकताच ते थिजल्यासारखे थांबले. मान वळवली ती तिच्याकडे नाही, थोडी बाजूला, तिच्या खांद्यापलीकडे.

"कोण आहे?"

"मी, अपा."

त्यांनी हातातला दगड हळूच खाली ठेवला. "बुधवार ना आज? तुझी ड्युटी असते."

ती त्यांच्यापाशी बसली, सरांचा कोट त्यांच्या अंगावर घातला, हात हातात घेतले. ते बर्फासारखे गार होते. तिच्या तोंडून आधी तेच निघालं.

"तुमच्या लगोऱ्या मी पाडल्या."

अपांनी मान तिच्या आवाजाकडे वळवली.

"सगळ्या?"

"अकरा."

"आणि पांढरे?"

"फटीत टाकले. कुणी परत रचू नये म्हणून."

"काम पक्कं असतं तुझं," अपा म्हणाले. "आईवर गेलीस."

त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "दीड तास हाका मारतेय मी. ऐकू नाही आलं तुम्हाला?"

"कान शाबूत आहेत माझे."

"मग ओ का नाही दिलीत?"

त्यांनी कोट अंगाभोवती ओढून घेतला. थंडीने असेल.

"ओ दिली असती तर तू आली असतीस," ते म्हणाले. "आली असतीस आणि मला असं बघितलं असतंस. तू हाक मारलीस की मी गप्प बसायचो. तू गप्प झालीस की कामाला लागायचो. हॉर्न तर या घळींत चहूबाजूंनी घुमतो. म्हटलं, एक दगड सापडू दे, पुढची वाट पायांना ठाऊक आहे. पिकअपपाशी पोहोचलो की मग ओ देऊ."

"मेला असतात तुम्ही इथे."

"असतो," ते म्हणाले. "मला कळत नव्हतं का ते?"

ओर्लिंडाला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं आणि तिने त्यांना मिठी मारली. ते तिच्या हातांत पोरासारखे हलके लागले. कधी एवढे हलके झाले, हे एकाच घरात राहून तिला समजलं नव्हतं.

"चला. उठा. हळू."

तिने त्यांना उभं केलं आणि रस्ता बघायला उंचवट्यावर चार पावलं चढली. पलीकडे, बर्फाच्या भुरभुरीतून, लाकडी खांब दिसला. त्याच्या खाली खडीची वाट होती, रुंद, सपाट, तिच्या पाटीवरची सोपी वाट. मोजून चाळीस पावलं. दिवसभर अपा त्या वाटेच्या जवळपासच घिरट्या घालत होते.

"किती लांब आहे?" खालून त्यांनी विचारलं.

ओर्लिंडाने त्या खांबाकडे पाहिलं. मग खाली उभ्या असलेल्या वडिलांकडे पाहिलं, एका हाताने हवा चाचपणाऱ्या.

"लांब आहे, अपा," ती म्हणाली. "बरंच आत आला होतात तुम्ही."

तिने त्यांचा हात आपल्या खांद्यावर ठेवला आणि उंचवट्याला वळसा घालून सखल अंगाने त्यांना नेलं. बर्फ वाढत होतं, त्यांचे दात वाजत होते, तिचा गुडघा प्रत्येक पावलाला कळ देत होता. शहाणं माणूस असं करणार नाही. पण खडी इतक्या लवकर पायाखाली आलेली तिला चालणार नव्हती. वर, खाली, आता फट आहे, असं सांगत तिने त्यांना तीनशे पावलं चालवलं.

मग बुटांखाली खडी वाजली. अपा थांबले, टाचेने ती दोनदा दाबून पाहिली आणि सुस्कारा सोडला.

"खरंच लांब होतं," ते म्हणाले.

"हो, अपा. फार लांब होतं."