टोपी दिसते तोवर

मित्रांनो, मी उत्रोलीच्या पलीकडच्या ओढ्यातला एक जुना दगड आहे. माझ्या डोक्याला चुना फासलेला आहे, म्हणून गाव मला टोपीवाला म्हणतं.

मला इथे रोवलं गावातल्या गेनबांनी. भर आषाढात ते ओढ्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. पाणी माणसाच्या कमरेला लागलं की माझं डोकं बुडावं, अशा बेताने त्यांनी मला बसवलं. “टोपी दिसती तवर वाट हाय. बुडली की घरी बसा,” त्यांनी गावाला सांगून टाकलं. पुढे कित्येक पावसाळे माझा शब्द खाली पडला नाही. बायका जाता-येता हळदकुंकू वाहायच्या आणि दगड असूनही मी फुगून जायचो.

गेनबा गेले. मागच्या उन्हाळ्यात गाळ काढताना जेसीबीचा धक्का लागला आणि मी आडवा झालो. गेनबांचा मुलगा धनाजी फार हळहळला. चार गडी बोलावून त्याने मला पुन्हा उभं केलं, पण खाली हातभर उंच डबर, म्हणजे फोडलेले दगड, रचून. “आता लांबून बी दिसंल,” तो म्हणाला. जीव लावून केलं हो त्याने! पण मी हातभर वर गेलो, आता माझं माप चुकणार, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

त्याच वर्षी श्रावणात धनाजीच्या घरची म्हैस वाहून गेली. धनाजीची आई, अंबूबाई, काठावरच होती.

“टोपी दिसत व्हती रं, म्या डोळ्यानं बघितली!”

“मग म्हसच बुजली असंल. आप्पांनी, माझ्या बानं, रोवलेला दगड हाय त्यो, खोटं न्हाई बोलायचा.”

दुसऱ्या दिवशी धनाजीने मला नारळ फोडला आणि चुन्याचा आणखी एक हात दिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणसाचा अंदाज चुकला की तो म्हशीला बोल लावतो, नशिबाला लावतो, पण मापाकडे बघत नाही.

आज वरच्या डोंगरात सकाळपासून अंधारून आलं आहे. ओढा गढूळ झालाय, त्याचा आवाज बदललाय. पलीकडे धनाजीची बायको मंगल भातलावणी आटोपून उभी आहे. अलीकडे धनाजी आहे आणि अंबूबाईच्या कडेवर मंगलचं तान्हं रडतं आहे.

“येऊ का वं?” मंगलने विचारलं.

“ये की! टोपी दिसतीया!” धनाजी ओरडला.

तिने माझ्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि पाण्यात पाय टाकला.

मित्रांनो, निगा म्हणजे नुसता चुना नव्हे. ज्याच्या भरवशावर जीव टाकता, ते जागेवर आहे का, एवढं तरी बघत जा. आता पाणी तिच्या कमरेला लागलंय, निम्मा ओढा अजून पुढे आहे आणि माझी टोपी कोरडी आहे. मला तोंड नाही. तुम्हाला आहे. हाक मारा तिला!